पाळणाघरात बाई पाहिजे

रश्मी ढोके अंधेरीच्या ऑफिसात नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, सोनूबाईला, अजून उमगलेलं नाही. वाशिमकडच्या गावात ओट्यावर बसून ती शेजारणींना सांगते, "पोरगी कामाले नावं ठेवते." शेजारणींना वाटतं, पोरगी मुंबईला जाऊन भलतीच आळशी झाली. रश्मीनं दोनदा समजावून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

खरं तर सोनूबाई फारशी चुकत नाही. अंधेरीतल्याच मरोळच्या एका इमारतीत नोकऱ्यांची एक वेबसाइट चालते. कंपन्या आपल्याकडच्या रिकाम्या जागा कळवतात आणि त्या जागेच्या माथ्यावर जी एक ओळ दिसते, ती रश्मी लिहिते. म्हटलं तर एक ओळ. पण नोकरी शोधणाऱ्यानं मोबाईलमध्ये जे शब्द टाकले ते त्या ओळीत नसले, तर ती नोकरी त्याला दिसतच नाही. आणि कंपन्यांना तर साधं बोलायची चोरी. चारकोपच्या एका कारखान्याला पॅकिंगला माणसं हवी होती, त्यांनी कळवलं 'फुलफिलमेंट असोसिएट'. सांताक्रूझच्या एका दुकानदाराला साड्या उलगडून दाखवणारी मुलगी हवी होती, ती झाली 'स्टाइल ॲम्बॅसिडर'. रश्मी ही सगळी मंडळी जमिनीवर आणते. 'पॅकिंगचं काम, चारकोप, कांदिवली पश्चिम.' 'साडीच्या दुकानात सेल्सगर्ल, सांताक्रूझ.' की लगेच फोन वाजायला लागतात. काम मिळालेल्या माणसाला कधीच कळत नाही की मध्ये कुणी रश्मी होती. तिला मात्र ठाऊक असतं, आणि त्यात तिला मजा येते.

हे काम तिला मिळालं ते सम्यक पाळणाघरात रुळल्यावर. सम्यक तिचा मुलगा, अडीच वर्षांचा, आवाज दहा जणांचा. नवरा आकाश ठाण्याच्या एका लॅबमध्ये पाळ्या करतो. सासू नाही. सोनूबाई यायला एका पायावर तयार असते, पण रश्मीचे वडील भाऊराव अर्धांगवायूनं खाटेला खिळलेत, त्यांना सोडून ती निघणार कशी? त्यामुळे रश्मीची सगळी भिस्त कांजूरमार्गला राहणाऱ्या क्षमाताई सबनीस यांच्यावर. क्षमाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत त्या पाळणाघर चालवतात. शिस्त बँकेची आणि हाताला चव कोकणातली, त्यामुळे पोरं त्यांना घाबरतात आणि त्यांच्याच मांडीवर झोपतात.

एका संध्याकाळी रश्मी सम्यकला घ्यायला गेली, तर क्षमाताई खुर्चीत बसून होत्या. एरवी त्या कधी बसलेल्या दिसत नाहीत. मदतीला असणारी शकु कायमची गावी गेली होती, आणि क्षमाताईंच्या गुडघ्यानं साफ असहकार पुकारला होता.

"डॉक्टर म्हणतात, पोरं उचलायची नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि पुण्याहून गंधालीचा रोज फोन. महिनाअखेर बाई मिळाली नाही तर कुलूप लाव म्हणते, आणि माझ्याकडे ये. मुलगी आहे ती, चुकीचं काय बोलतेय? खरं सांगू रश्मी, मी एकटी आता किती ओढणार?"

कुलूप लागलं तर रश्मीची नोकरी गेलीच म्हणायची. आसपासची दुसरी पाळणाघरं तिनं आधीच पालथी घातली होती. कुठे जागा नव्हती, कुठे तिला जाता-येता जमणार नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत तिला जरा धीर आला. रिकाम्या जागा भरायचं काम तर आपण रोज करतो, मग घाबरायचं कशाला?

पहिली ओळ क्षमाताईंनी स्वतः दिली. 'बालसंगोपन सहायिका हवी, सुसंस्कृत व मायाळू.' 'बाई' हा शब्द त्यांना चालेना. "आपण माणसाला मान द्यावा," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. रश्मीनं ती जशीच्या तशी वेबसाइटवर टाकली. एकही फोन आला नाही. मोबाईल हातात घेऊन 'बालसंगोपन सहायिका' असं शोधणारी बाई अख्ख्या उपनगरात निघणं कठीण, आणि निघाली असती तर ती त्या विषयात पीएच.डी. करत असती.

मग रश्मीनं सूत्रं हातात घेतली. 'पाळणाघरात बाई पाहिजे, मुंबई, तात्काळ.' मोठ्या गावाचं नाव टाकलं की जास्त लोकांना दिसतं, असा तिनं घाईत हिशोब केला. आणि दिसलंही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून क्षमाताईंचा फोन थांबेना. विरारहून फोन, कर्जतहून फोन, घरबसल्या काही जमेल का म्हणून विचारणारा एक बुवा, आणि पाळणे विकणारा एक दुकानदार, ज्याला वाटलं की इथे पाळण्यांची मोठी ऑर्डर आहे. फोन घेता घेता क्षमाताईंचा वरणभात करपला आणि पोरांनी खेळण्यांच्या टोपलीत पाणी ओतलं.

"अगं, 'मुंबई' टाकलंस?" ऑफिसात तिचा वरिष्ठ देवेश खुर्ची फिरवून बघतच राहिला. "नवीन पोरांना तूच सांगतेस ना, एरिया टाका, एरिया टाका? आणि स्वतःच्या वेळी माती खाल्लीस?"

"डोकंच चाललं नाही रे," रश्मी म्हणाली. "दुसऱ्याचं असतं तेव्हा बरोबर सुचतं. घरचं आलं की वाट लागते."

तिनं मुंबई काढून 'कांजूरमार्ग पूर्व' टाकलं. फोन एकदम उतरले, पण आता जवळच्या बाया दारात येऊ लागल्या. कुणी भांडुपची, कुणी पलीकडच्या चाळीतली. क्षमाताईंना त्या आवडायच्यासुद्धा. बोलणं जमत आलं की बाई दाराशी घुटमळायची आणि हळूच विचारायची, "ताई, माझं लहान आहे. सोबत आणलं तर चालेल?" क्षमाताई मान हलवायच्या. शकु असताना त्यांनी नियमच केला होता, कामाला येणारीनं स्वतःचं मूल आणायचं नाही. बाई चप्पल घालून निघून जायची. पुन्हा दुसरी यायची, तेच विचारायची आणि तशीच जायची.

महिना सरत चालला. रश्मीला जेवण जाईना. रविवारी दुपारी तिनं आईला फोन लावला तो नुसतं रडगाणं गायला.

"जयभीम. काहून वं, आवाज असा काहून येते?" सोनूबाईनं पहिल्या वाक्यालाच पकडलं. रश्मीनं सगळं सांगितलं. बाया येतात आणि लेकरासाठी परत जातात, हेही सांगितलं.

"मंग जातीनच," सोनूबाई म्हणाली. "घरी लेकरू कोणापाशी ठेवन ते? तुले झोळीत टाकून नेत होती मी निंदायले. बांधावरच्या बाभळीले झोळी बांधायची. ज्याच्या वावरात पोट्टं आणू देत, त्याच्याच वावरात जात होती मी. दुसरा दोन पैसे जास्त देत होता, तरी नाही गेली."

रश्मीला झोळी आठवत नव्हती, आठवण्याचं वयही नव्हतं. आठवलं ते वेगळंच. सम्यक रांगायला लागला तेव्हा ती असंच काम शोधत होती. एकदा तिनं मोबाईलमध्ये लिहिलं होतं, 'बाळाला घेऊन करता येईल असं काम'. मग स्वतःलाच वेड्यात काढून ते पुसून टाकलं होतं. असं काम कुठे असतं का, आणि असलं तरी कोण अशा नावानं टाकणार? म्हणजे ज्या बायांना आपण शोधतोय, त्या काय शोधत असतील हे तिला चांगलं ठाऊक होतं. इतके दिवस ती 'पाळणाघर' आणि 'बाई' हेच शब्द मागेपुढे करत बसली होती.

मनात आलं, आत्ताच्या आत्ता ओळ बदलून टाकावी. पण ऑफिसात एक नियम होता, आणि तो तिला मनापासून पटलेला होता. जे कामात नाही ते ओळीत लिहायचं नाही. नाहीतर माणूस रिक्षाचे पैसे घालून येतो आणि शिव्या देत जातो. आधी कामच बदलायला हवं होतं. रश्मी तशीच उठली आणि क्षमाताईंकडे गेली.

क्षमाताईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. "शकुचं पोर यायचं ना? मिहिरला चावलं ते. मिहिरची आई मला काय काय बोलली! आम्ही फी आमच्या मुलाची भरतो, बाईच्या मुलाची नाही म्हणाली. नको बाई ती कटकट."

"सम्यकपण चावतो, क्षमाताई. मागच्याच महिन्यात तुम्हाला चावला."

"तो चावला, पण मग येऊन सॉरी म्हणाला हो," क्षमाताई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं.

रश्मीनं तेवढ्यात घोडं दामटलं. "जिचं मूल मोठं झालं ती बाई कशाला येईल इथे? ती मॉलमध्ये जाईल, कंपनीत जाईल. तुमच्याकडे येणार ती लहान मूल असलेलीच. आणि नेमकं तिलाच आपण दारातून परत पाठवतोय."

क्षमाताई बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. खोलीत कोपऱ्यात पोरांच्या चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"म्हणजे मी पाळणाघर चालवते," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि दारात आलेल्या बाईला सांगते, पोराला कुठेतरी ठेवून ये. असंच ना?"

रश्मीनं हळूच मान डोलावली.

"शोभतं का मला हे?" क्षमाताई स्वतःवरच चिडल्या होत्या. "तू आधी पालकांना विचार. त्यांची ना नसेल तर मी तयार आहे."

रश्मीनं तिथेच बसून पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांत आधी उत्तर आलं ते मिहिरच्या आईचं. 'चालेल. काहीही चालेल. प्लीज बंद करू नका.' त्यामागून बाकीच्यांचे अंगठे धडाधड उमटले. अडचण आपल्या दाराशी आली की माणसं किती मोकळ्या मनाची होतात, हे बघून रश्मीला मिहिरच्या आईचा राग आला नाही, उलट मायाच आली. आपणही त्यातल्याच, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी तिनं नवी ओळ चढवली. 'पाळणाघरात काम, कांजूरमार्ग पूर्व. बाळाला सोबत घेऊन काम करता येईल.' देवेशनं सोमवारी ती वाचली आणि डोकं खाजवलं. "जरा लांबलचक आहे गं," तो म्हणाला. मग परत वाचली. "पण राहू दे. झकास आहे."

मंगळवारी सकाळी रश्मी सम्यकला सोडायला गेली, तेव्हा दारात एक तरुण बाई उभी होती. खांद्याला पिशवी, कडेवर दीडेक वर्षाचा मुलगा. मुलाच्या डोळ्यांत ताजं काजळ होतं आणि केस पाण्यानं चापून बसवलेले, जणू मुलाखत त्याचीच होती. बाईनं नाव सांगितलं अबोली. राहायला शेजारच्या चाळीतच. लग्नाआधी दुकानात काम केलेलं, निहार झाल्यापासून घरी.

क्षमाताईंनी चार प्रश्न विचारले. अबोलीनं उत्तरं दिली, पण तिचं निम्मं लक्ष निहारला धरून ठेवण्यात होतं. तो खाली उतरायला बघत होता आणि ती त्याला सोडत नव्हती. पोरानं काही सांडलं-लवंडलं तर आलेलं काम जाईल, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"अगं, सोड त्याला खाली," क्षमाताई म्हणाल्या. "पाळणाघर आहे हे."

अबोलीनं त्याला खाली ठेवलं. निहार तडक खेळण्यांच्या टोपलीकडे गेला आणि अर्धा आत शिरला. सम्यकनं आधी आरडाओरडा केला, मग त्याच्याशेजारी फतकल मारली. अबोली बघत राहिली.

"जवळच राहतेस, मग आधी कशी नाही आलीस?" रश्मीनं विचारलं. "जाहिरात तर दोन आठवडे होती."

"मला दिसलीच नाही, ताई. मी पाळणाघर कुठे शोधत होते? मी रोज दुपारी ह्याला झोपवलं की मोबाईलमध्ये एकच बोलायचे, बाळाला घेऊन काम. रोज! आणि रोज काय यायचं, तर बाळाचं मालिशचं तेल, बाळाची झबली, बाळाला झोपवायची गाणी." अबोली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "काल पहिल्यांदा काम आलं. मी दोनदा वाचलं. मला वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय."

इतके दिवस रश्मीच्या छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलल्यासारखं तिला झालं. नोकरी वाचली, पाळणाघर वाचलं, हे सगळं होतंच. पण आपण पुसून टाकलेली ओळ ही बाई रोज दुपारी बोलत राहिली होती, आणि तिला अखेर उत्तर मिळालं, याचं सुख त्याहून मोठं होतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले. आईला फोन करायचा, संध्याकाळी, पहिल्यांदा तेच.

आत क्षमाताईंचा फोन वाजला. पुण्याहून गंधाली असणार. क्षमाताईंनी तो उचलला नाही. खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी अबोलीला चटया कुठे अंथरायच्या ते दाखवलं, आणि मग त्यांचं लक्ष दारात उभ्या रश्मीकडे गेलं.

"तू अजून इथेच? ऑफिसला जा बघू," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी आहोत ना इथे."