सोनाबाईंनी राखलेलं रान

मुलांनो, सोनाबाई गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. दूधवाला म्हणाला, "आजी, देवराईवाल्या सोनाबाई गेल्या पहाटे." मी वर आले, चहा केला आणि मग बसले. त्याला आता पाच आठवडे होतील.

तुम्ही जांब्याला आला होतात तेव्हा गॅलरीतून इमारतींच्या मधोमध एक दाट हिरवा तुकडा पाहिला होता. ती देवराई, देवाच्या नावाने राखलेलं जेमतेम दोन एकरांचं रान. तिथली वाळकी काटकीही कोणी घरी नेत नाही. राखण पिढ्यान्‌पिढ्या सोनाबाईंच्या घराकडे. आमची ओळख मात्र वादातून झाली. सोसायटीला त्या रानातून फरशीची पायवाट आणि दिवे हवे होते. ग्रामपंचायतीला अर्ज मीच लिहिला, मुद्देसूद, क्रमांक घालून. काही दिवसांनी सोनाबाई दारात उभ्या.

"बाई, तुमी शाळेत शिकवायच्या म्हनं. कुनीतरी आमच्या रानावर कागद केलाय. त्याला उत्तर ल्ह्या."

"तो कागद मीच लिहिलाय," मी म्हटलं.

त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "बरं झालं. मंजी त्यात खोट कुटं हाय, ते तुमास्नीच ठावं."

खोट होती. मी कधी आत गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेलं, चपला बाहेर काढायला लावून. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात रुतत होते. हे झाडून घ्यायला हवं, असं मी बोलून गेले. "तुमच्या अंगावरलं पांघरुण कुनी वडलं तर?" एवढंच त्या म्हणाल्या. मी उत्तर लिहून दिलं. सोसायटीतले काही जण बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

पंचायतीने निर्णय लांबवला. गाव सोनाबाईंच्या शब्दाबाहेर जात नव्हतं, पण त्यांच्यानंतर? मुलगा बबन आयटीतल्या पोरांना खोल्या भाड्याने देतो. पायवाट त्याच्याही सोयीची. "बबन काय करंल, मला न्हाई सांगता यायचं," त्या म्हणायच्या. शेवटच्या दुखण्यातही त्यांना घोर होता तो एवढाच.

अंत्यविधीची लाकडं पौडहून टेम्पोने यायची होती. टेम्पो येईना, ऊन चढलं. घरापासून पन्नास पावलांवर, देवराईत, एक मोठा बेहडा गेल्या वर्षीपासून उन्मळून वाळत पडला होता. आमच्या सेक्रेटरींनी हळूच सुचवलं, "बबनराव, इथेच एवढं लाकूड आहे की."

बबन म्हणाला, "त्यातलं एक ढलपं जरी लावलं ना सायेब, तर म्हातारी सरणावरनं उठून बसंल."

कोणीतरी हसलं. बबनही हसला, आणि मग पहिल्यांदा रडला. टेम्पो तासाभराने आला.

पंचायतीतही त्याने आईचाच शब्द सांगितला. गेल्या आठवड्यात पायवाटेच्या आखणीसाठी चुन्याची फक्की मारली, ती रानाच्या बाहेरून, कडेकडेने. सकाळी मी तिथूनच फिरून येते. बेहड्याच्या खोडावर अळंबी आली आहे, एक बाजू वाळवीने पोखरली आहे. कोणी तो हलवलेला नाही.