याळीचे डोळे

अशी कल्पना करा की तुम्ही एका स्टुलावर उभे आहात आणि तुमच्याभोवती जाड कापडाची नळी आहे. नऊ फूट लांब, जेमतेम दोन फूट रुंद, आढ्याला टांगलेली. बाहेरून सुई आत येते. ती ओढायची, धागा ताणायचा आणि शेजारूनच परत बाहेर ढकलायची. बाहेर लाल-पिवळी नक्षी चढतेय. तुम्हाला दिसतं ते मळकट अस्तर आणि गाठी. घाम पुसायचा तर आधी सुई दातांत धरायची.

सीतालक्ष्मी हे एकोणीस वर्षं करत होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिचे थोरले दीर सेतुराम रथांना टांगायच्या अशा नळ्या, म्हणजे तोंबै, शिवून देत. नळी गोल झाली की जोड झाकायला शेवटी त्यावर याळीचं तोंड लावायचं; याळी म्हणजे देवळाच्या खांबांवरचा तो सिंहासारखा प्राणी. त्याला एक हात बाहेर लागतो, एक आत. नव्या सुनेची बारीक चण बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "मापाचीच मिळाली." सगळे हसले होते. तीही.

यंदा सेतुरामांचा हात थरथरायला लागला. कात्रीखाली याळीची मिशी दोनदा तुटली. तेव्हा सीतानं चिंध्यांतून स्वतः कापलेलं तोंड त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते उजेडात धरलं. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. उलट्या बाजूनं बघून बघून."

"हेच लावू या."

"मग आज बाहेरची बाजू मी घेते, भाऊजी. डोळे माझ्या हातानं लावते."

अंगानं भरलेली थोरली जाऊ भामा सुई ओवता ओवता म्हणाली, "आणि आत कोण? मी? अय्यो, मग तोंबै कशाला, मांडवच शिवा!"

सेतुरामांना हसू आवरेना. "चारला टेम्पो येतोय, सीते. चढ बघू."

चढण्याआधी तिनं काळ्या कापडाच्या दोन टिकल्या भामाच्या तळहातावर ठेवल्या. "बुबुळं खाली लाव, अक्का. अगदी खालच्या पापणीला टेकवून. इथं सरळ दिसतं ते रथावर चढलं की आभाळाकडे बघतं. त्यानं माणसांकडे बघायला पाहिजे."

"सरी, सरी, कळलं. मला शिकव आता."

सुई तिच्या कपाळाशी आली. बोटभराचाच फरक, अस्तराच्या दुहेरी कापडातून बुबुळ वर बसलं की खाली, कळेना. तिनं बोटानं चाचपलं, तर टोक टोचलं.

"अक्का, खाली ना?"

"बोलू नकोस, टाका चुकेल."

त्या घरची रीत अशी, की डोळे लागले की तोंडावर लगेच पांढरं फडकं बांधायचं आणि ते रथावरच सोडायचं. सीता गुडघे दुमडून खालून सरपटत बाहेर आली तोवर फडक्याची गाठ बसली होती.

"कुठं लावले, अक्का?"

"जागच्या जागी," भामा म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

देऊळ तिरुनेलवेलीकडे होतं. टेम्पोत ड्रायव्हर आणि सेतुराम, तिसऱ्याला जागा नव्हती. नळीची गुंडाळी पाठीमागे चढली, टेम्पो गल्लीतून वळला. सीता दारात उभी राहून टोचलेलं बोट चोखत होती. रथ हलेल, फडकं सुटेल, तेव्हा याळी खाली माणसांकडे बघेल, की सगळ्यांच्या डोक्यांवरून भलतीकडेच?