फ्लेक्सची मागची बाजू

स्पर्धा परीक्षेतली पूर्व परीक्षा मी एकदाच पास झाले अन् गावानं लगेच चौकात फ्लेक्स लावला. 'भावी उपजिल्हाधिकारी'! खाली माझा दात काढलेला फोटो. अहो, मुख्य परीक्षा बाकी, मुलाखत बाकी. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

त्यानंतर चार वर्षं मी नापासच होत राहिले. सोडून द्यावं असं रोज वाटायचं, पण राहात्याला बाजाराला निघालं की तो फ्लेक्स समोर यायचा अन् मी गुमान पुस्तकांकडं परतायचे. खरं सांगते, मला साहेबीण व्हायचंच नव्हतं. मला अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात बसायला आवडायचं. ते शेतातल्या जळालेल्या मोटारी भरतात. जुनी तार काढून नवी गुंडाळतात. लहानपणापासून मी त्यांच्या हाताखाली ते शिकले होते. पण "मोटारीच भरायच्या होत्या तर एवढी शिकलीस कशाला?" हे ऐकून घ्यायची माझी छाती नव्हती.

यंदा फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते अन् अण्णा शिडीवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यातच शेजारचे काका जळालेली मोटार घेऊन दारात. भर उन्हाळा, पेरूची बाग वाळायला लागलेली.

"दुसरीकडं न्या, मला जमायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

"मी भरते," मी म्हणाले.

"अन् तुझा फॉर्म?"

"जाऊ द्या तो खड्ड्यात!"

बोलून गेले अन् माझी मीच दचकले. मग बसले तार घेऊन. वेढे मोजताना चुकले, सगळं उसवलं, स्वतःला शिव्या घातल्या, पुन्हा भरलं. त्यातच फॉर्मची मुदत संपली. तिसऱ्या दिवशी काकांच्या विहिरीवर बटण दाबलं. मोटार घुमली अन् पाणी धो धो पाटात पडलं. "लई भारी, पोरी!" काका ओरडले. मी तर चपला फेकून चिखलात नाचले.

तशीच चौकात गेले, फ्लेक्स उतरवला अन् घरी आणून टाकला. अण्णांनी तो डाव्या काखेत मारला अन् दुकानाकडं निघून गेले.

संध्याकाळी पाहते तर काका शिडीवर, अण्णा खाली उभे राहून सांगतायत अन् फ्लेक्स उलटा करून दुकानावर बांधला जातोय. मागच्या पांढऱ्या बाजूवर अण्णांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत रंगवलं होतं: 'मोटारी भरून मिळतील. हेडमिस्त्री: माझी मुलगी.'