ऑर्लीनच्या नावचं अनुदान

ऑर्लीन ड्राइलिंगला मागणी घालायला माझा भाऊ डेलमर गेला, तेव्हा ती ट्रॅक्टरखाली आडवी होऊन तेल बदलत होती. तिथूनच म्हणाली, "चालेल. पण माझी जमीन मीच कसणार."

"कस की. मला माझीच आवरत नाही," डेलमर म्हणाला.

डेलमर विधुर, आणि ही बावन्न वर्षांची. वडील गेल्यापासून गहू आणि ज्वारी एकटीनं पिकवणारी. फेब्रुवारीत आमच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये लग्न लागलं. त्या वर्षांत गव्हाचा भाव असा पडला होता, की पश्चिम कॅन्ससात सगळ्यांचीच भिस्त सरकारी अनुदानावर. मार्चमध्ये ऑर्लीन आणि मी, दोघी काउंटीच्या शेती ऑफिसात अनुदानासाठी नाव नोंदवायला गेलो. तिथला साहेब वेंडेल, शाळेत तिच्याच वर्गातला.

"ऑर्लीन, जरा बस."

"उभी बरी आहे. बोल."

"नियम असा आहे, की नवरा-बायको म्हणजे एकच व्यक्ती. एका व्यक्तीला ठरावीक रकमेपर्यंतच अनुदान. ती मर्यादा डेलमरच्या शेतीतच संपते. तुला काही उरत नाही."

"म्हणजे जानेवारीत मी व्यक्ती होते, आणि आता नाही?"

"आहेस गं. पण आता डेलमरमध्ये धरलेली."

"डेलमरमध्ये त्याचंच जेवण मावत नाही. मी कुठं मावणार?"

गावात ज्याला त्याला एकच उपाय सुचला: कागदोपत्री घटस्फोट घ्या आणि राहा एकत्र, कोण बघायला येतंय? रविवारी जेवताना डेलमरनंही चाचरत तो विषय काढलाच. ऑर्लीननं कोबीच्या भाजीचं भांडं टेबलावर आपटलं.

"इतकी वर्षं थांबून एक नवरा केला. तो सरकारला परत देऊ?"

डेलमर कानापर्यंत लाल झाला. पण खूश झाला होता, मला दिसलं.

त्या ऑफिसवर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली तिघांची कमिटी होती, तिच्याकडे ऑर्लीननं दाद मागितली. नियम वॉशिंग्टनचा, आमच्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. राज्याच्या कमिटीनंही तेच सांगितलं. त्या वर्षी तिनं गायी विकल्या, जमिनीला मात्र हात लावू दिला नाही. आणि डिसेंबरच्या निवडणुकीत ती स्वतःच कमिटीसाठी उभी राहिली.

"निवडून आलीस तर मत कोण देणार, तू की डेलमर?" तिच्या विरोधात उभा असलेला लायमन कर्नर भर दुकानात म्हणाला.

"तुझ्या घरी कोण देतं, ते आधी बायकोला विचारून ये," ती म्हणाली.

दुकानातले हसले आणि त्यांनी मतंही तिलाच दिली.

पुढच्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांचं ऐकून घ्यायला खासदारांची समिती शाळेच्या जिममध्ये आली. ऑर्लीन माइकपाशी उभी राहिली.

"दोन भाऊ मिळून शेती करतात, तर ते दोन व्यक्ती. बाप-लेक करतात, तरी दोन. मी एखाद्या परक्याशी भागीदारी केली असती, तरी दोनच. नवरा केला म्हणून मी मोजणीतून गेले. हा नियम लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं होतं का, एवढंच मला कळू द्या."

हॉल हसला, ती हसली नाही. समितीचा अध्यक्ष चष्मा पुसत बसला.

ठिकठिकाणच्या बायका असंच भांडत होत्या. दोन-अडीच वर्षं गेली, पण नियम बदलला: लग्नाआधीपासून ज्यांची शेती वेगळी, ते नवरा-बायको आता दोन व्यक्ती. वेंडेलनं स्वतः फोन केला. ती धुतलेली जीन्स घालून गेली आणि अनुदानाच्या कागदावर तिनं सही केली.

"डेलमर नाही आला?" वेंडेलनं विचारलं.

"त्याचं काम असेल तेव्हा तो येईल."

कमिटीवर ती पुढे बरीच वर्षं होती. एकदा लायमनची लग्न झालेली मुलगी आपल्या वाट्याच्या जमिनीचं प्रकरण घेऊन आली. बरोबर लायमन. तो खुर्ची ओढून तिच्या वतीनं बोलायला लागला.

"लायमन, तू बाहेर बस. कॉफी ताजी आहे," ऑर्लीन म्हणाली, आणि मुलीकडे वळली. "हं, बोल. तुझी जमीन कुठं आहे?"