कलिंगड पुरणारे हवालदार

माने हवालदार नव्या माणसांचं स्वागत कलिंगड पुरून करत. उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावातल्या मळ्यातून माणसाच्या डोक्याएवढं कलिंगड आणायचं, कोणी बघत नसताना वाळूच्या डोंगराखाली हातभर खोल गाडायचं आणि नव्या पोरांच्या हातात लांब सळया द्यायच्या. "ह्ये आपलं माणूस हाय. पाच मिनटांत काढा." पोरं हसत सळया खुपसत सुटत. वेळेत सापडलं तर हवालदार स्वतः फोडी वाटत. उशिरा सापडलं तर ते बाजूला ठेवत, आणि उन्हाने घसा कोरडा पडलेली पोरं आशाळभूतपणे बघत राहत. "मेलं त्ये," हवालदार सांगत. "मेलेल्याच्या फोडी करीत न्हाईत."

मी नाशिकचा, नुकताच नोकरीला लागलेला सर्व्हे इंजिनियर. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पाइपलाइनच्या मोजणीसाठी आमच्या कंपनीने कतारच्या दक्षिणेकडच्या वाळूत फुगीर टायरांच्या तीनचाकी गाड्या आणल्या होत्या आणि त्या चालवायला आपल्याकडून ड्रायव्हर. बायकापोरं मागे ठेवून आलेली ही माणसं ट्रक-ट्रॅक्टरवर वाढलेली, पण असली वाळू त्यांना नवीन. तिथले डोंगर एका अंगाने चढायला सोपे, दुसऱ्या अंगाने एकदम तुटलेले, आणि ती तुटलेली बाजू कधी घसरेल याचा नेम नाही. ड्रायव्हरांना शिकवायला ठेवलेले हवालदार मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात असताना हिमालयात बर्फाच्या कड्याखाली गाडली गेलेली माणसं काढायचं काम त्यांनी केलं होतं. "बर्फात थोडी हवा तरी असती. वाळूत तीबी न्हाई," एवढंच ते त्याविषयी बोलत. म्हातारा उगाच भीती घालतो, असं आम्हाला वाटायचं.

त्यांचा मुख्य नियम आमच्या माणसांच्या पचनी पडत नसे. "एकानं जायाचं. एकानं बगायचं. बाकीच्यांनी हात बांधून हुभं ऱ्हायाचं." गावाकडे गाडी रुतली की हाक मारावी लागत नाही, वाटेवरचा अनोळखी माणूसही चपला काढून चाकाला खांदा लावतो. न लावणाऱ्याला गाव नावं ठेवतं. हवालदार हा संस्कारच मोडायला निघाले होते. कोणी मदतीला धावलं की त्याच्यावर डाफरत, "तुमच्या मायेनं माणूस मरंल." बघणाऱ्याला तर ते लघवीलाही सोडत नसत. "चालवणारा चुकला तर त्येला काढता येतं. बगणारा चुकला तर शोधायचं कुटं?"

बबन बीडकडचा, दोन मुलींचा बाप. त्या सकाळी त्याची पाळी होती. हवालदार डोंगरामागे दुसरी गाडी काढण्यात गुंतले होते आणि बघायचं काम मला दिलं होतं. मी तळाशी, बाजूला उभा. बबनची गाडी माथा ओलांडून चार हात खाली आली आणि रुतली. तो उतरून ढकलू लागला. माझ्या चष्म्यावर घाम आणि धूळ बसली होती. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"यल्ला, चला, खांदा लावा रे," असं कोणीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. माथ्यापाशी थांबलेले तिघं कडेवर धावले. मी ओरडून थांबवायला हवं होतं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा कडा तुटून सगळा उतार खाली निघाला होता. ते तिघं कमरेपर्यंतच्या वाळूतून धडपडत बाहेर आले. गाडी तळाशी उलटी पडली होती. बबन कुठेच नव्हता.

हवालदार धावत आले. "साहेब, शेवटी कुटं दिसला?"

"तिथे. गाडीजवळ," मी म्हणालो. मला काहीच दिसलं नव्हतं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सगळ्यांना ओळीत उभं करून गाडीभोवती सळया चालवायला लावल्या. एक पाऊल, एक सळई. पुन्हा एक पाऊल. कोणी रडत होतं, कोणी नुसत्या हातांनी उकरत होतं, आणि उकरलेला खड्डा लगेच भरून येत होता. हवालदार सारखे घड्याळ बघत होते. मग त्यांनी घड्याळ बघणं सोडलं. सळया मात्र थांबू दिल्या नाहीत. बबन सापडला तो गाडीपासून वीस पावलं डावीकडे, जेमतेम हातभर खोल. दोन्ही हात तोंडापुढे धरलेले होते, श्वासाला जागा राहावी म्हणून हवालदारांनी शिकवले होते तसेच.

परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "बगत हुता न्हवं?"

"चष्मा पुसत होतो."

कॅम्पवर उतरल्यावर त्यांनी सळया मोजून जागेवर लावल्या.

चौकशीत गोऱ्या मॅनेजरला एक नाव हवं होतं. हवालदारांनी लिहून दिलं, "शिकवणारा मी, चूक माझी." आठ दिवसांत त्यांचं परतीचं तिकीट आलं. मी गप्प बसलो. माझं लग्न ठरलं होतं, हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. विमानतळावर मात्र राहवेना. "मी मॅनेजरला खरं सांगतो," म्हणालो.

"आता त्येला सांगून काय करायचं? बबन येतोय व्हय माघारी?" त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली. "नवी माणसं येत्यात, त्यास्नी सांगा. पयल्या दिवशी. मी असा चुकलो म्हनायचं, सोताचं नाव घिऊन. मग बगतील ती."

त्यांच्या जागेवर मी नऊ वर्षं शिकवलं. दर तुकडीला बबनची हकिगत सांगितली आणि दर वेळी म्हणालो, "एक इंजिनियर होता, त्याने चष्मा पुसायला काढला." एकदा जळगावच्या एका ड्रायव्हरने विचारलं, "त्या इंजिनियरचं पुढे काय झालं, साहेब?"

"घालवला त्याला परत इंडियाला," मी म्हणालो.

सुट्टीवर आलो असताना साताऱ्याला त्यांच्या घरी गेलो. हवालदार खाटेला खिळले होते. "सांगता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सांगतो."

"नाव घिऊन?"

"हो," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा निवळला. "मग झालं," म्हणाले, आणि मला जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं त्यांनी बायकोला बजावलं. मी जेवलो. दोन महिन्यांत ते गेल्याचं पत्र आलं. आज त्यांच्याविषयी एवढं लिहिलं, बबनचंही लिहिलं. माझं नाव यातही कुठे आलेलं नाही.