कॅप्टनच्या दातांतली फट

लोवरीला त्या फोटोने असं काय झपाटलं होतं, देव जाणे! मैदानात समोरच्या दांडग्या बायांना आडवं करणारी पोरगी, पण कॅमेऱ्यापुढे तिला एका जागी उभं राहवेना.

वेल्समधल्या आमच्या या रग्बी क्लबात मी तीस वर्षं चिखलाच्या जर्स्या धुतेय. इथली रीत अशी, की कॅप्टनचा फोटो बारच्या भिंतीवर लागतो. हाताची घडी, चेहरा करारी, पायाशी बॉल आणि बॉलवर पांढऱ्या रंगात साल. लोवरी आमची पहिली बाई कॅप्टन. तिची जागा तिच्या बापाच्या, जुना कॅप्टन इडवलच्या शेजारी मुद्दाम राखलेली. तो अपघातात गेला तेव्हा ही पाळण्यात होती. मी क्लबात आले ती त्यानंतर. घरातले फोटो पुरात गेले, आई त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसे. भिंतीवरचा बाप तेवढा हिला ठाऊक.

रविवारी दुपारी म्हातारा गेथिन कॅमेरा घेऊन आला. सगळ्या कॅप्टनांचे फोटो त्यानेच काढलेले.

"काका, दातांतली फट दिसत नाही ना?"

"तोंड मिटलंयस तू. कशी दिसेल?"

"मग मी बाबांसारखी का दिसत नाही? परत काढा!"

असं बारा वेळा. माझं डोकंच फिरलं. "अगं, लग्नात तरी इतके काढतात का?"

"मावशी, तुम्ही गप्प बसा! लोक विचारतील, ही कोण उपटसुंभ त्याच्या शेजारी?"

गेथिनने कॅमेरा खाली ठेवला. समोरच्या आपल्या घरी गेला आणि एक जुनं पाकीट घेऊन आला.

आत इडवल. तीच घडी, तोच बॉल, पण तोंडभर हसू, आणि पुढच्या दातांत ही एवढी फट.

"हसल्याशिवाय त्याला उभंच राहता येत नसे," गेथिन खाली बघत म्हणाला. "कमिटी म्हणाली, कॅप्टन असा बावळट दिसून चालायचं नाही. मी रंगाचा ब्रश घेतला आणि फोटोत त्याचे ओठ मिटवले."

"आणि मी शाळेपासून आरशापुढे ओठ आवळून उभी राहतेय, काका!" लोवरी ओरडली. मला तर तो बॉल म्हाताऱ्याच्या टाळक्यात हाणावासा वाटला.

तिने नाक पुसलं. पुन्हा घडी घातली. रडता रडताच हसली.

"काढा."

आता भिंतीवर दोघांचेही दात दिसतात. लोवरीचा फोटो जरा हललाय. पण परत काढा, असं ती एकदाही म्हणाली नाही.