मांगं साफ

टपरीवरच्या चहाचा पहिला घोट घेण्याआधी चाचा मान वळवून मागं पाहायचे. उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा, आणि मग घोट. रस्ता ओलांडताना, शटर खाली ओढताना, मशिदीतून परत येतानाही तेच. नवख्याला वाटायचं, यांच्या मागं पोलीस लागले असावेत. मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ दुकानं असलेल्या आम्हा सगळ्यांना ती मान ठाऊक होती. ती सवय आली कुठून, हे मात्र मला एकट्यालाच माहीत होतं, कारण रविवारी दुपारी आम्ही दोघं मिळून लढाऊ विमानं उडवायचो.

हसू नका. खरी नाही, कॉम्प्युटरवरची. पण पंख्याची जुनी लढाऊ विमानं, समोर दुसऱ्या गावची खरी माणसं, आणि लढाई अगदी मनापासून.

माझा फोटो स्टुडिओ आणि समोर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायला मी चांगल्यातला कॉम्प्युटर घेतला होता, आणि रिकाम्या वेळी त्यावर विमान उडवायचो. एक दिवस चाचा माझा दुरुस्त केलेला पंखा घेऊन आले आणि पडद्याकडे न पाहताच म्हणाले, "बेरिंग गेली याची." मला वाटलं पंख्याचं बोलतात. ते माझ्या विमानाच्या इंजिनाबद्दल बोलत होते, आणि त्याला खरंच दोन गोळ्या लागलेल्या होत्या.

महिन्याभरात त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत भंगारातून आपला सरंजाम उभा केला. विमान वळवायला जुन्या ट्रॅक्टरच्या गियरचा दांडा, पायाखाली शिलाई मशीनचं पायडल, आणि गोळी झाडायला मोटारसायकलच्या हॉर्नचं बटण. साठीला टेकलेला माणूस, पण त्या खुर्चीत बसला की बायकोनं चहासाठी मारलेली हाकही त्यांना ऐकू यायची नाही.

आमच्या स्क्वॉड्रनचं नाव टोळधाड. अकरा जण, गावोगावचे. म्होरके साताऱ्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर. आम्ही दोघं सोडलो तर कोणी कोणाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, सगळं बोलणं हेडफोनवर. नियम मात्र कडक. विमान पडलं तरी छत्रीनं जिवंत जमिनीवर उतरलात, तर तुमच्या उड्डाणांची मोजणी पुढं चालू. मेलात, तर शून्य. हवेत असताना खेळ सोडून पळालात, तर तेही मरणच. आणि छत्रीत लटकलेल्या माणसावर कोणी गोळी झाडायची नाही. हा शेवटचा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण शत्रूसुद्धा तो पाळायचे.

चाचा तीन वर्षं मेले नव्हते. एकशे चाळीस उड्डाणं. वाइंडिंगच्या मशीनवर तो आकडा त्यांनी खडूनं लिहिला होता, आणि दर सोमवारी पुसून नवा लिहायचे. गिऱ्हाईकानं विचारलं की म्हणायचे, "जित्ता आहो त्याची निशानी."

माझं काम त्यांच्या मागं उडण्याचं आणि पाठ राखण्याचं. दर दोन मिनिटांनी ते विचारणार, "मांगं?" मी मागं नजर फिरवून सांगणार, "मांगं साफ." एवढंच काम, आणि तेवढंही मला जमलं नाही.

त्या रविवारी समुद्रावरून चाळीस मिनिटं नुसतं सरळ जायचं होतं. संध्याकाळी नवरीचा भाऊ हळदीचा व्हिडिओ न्यायला येणार होता. मी बाजूच्या पडद्यावर तो लावला, आवाज चित्राशी जुळतो की नाही ते बघायला.

"मांगं?"

"मांगं साफ," मी म्हणालो. पाहिलं नव्हतं. सरळ खोटं बोललो.

दुसऱ्या क्षणाला त्यांच्या विमानाचा डावा पंख तुटून गेला. पण चाचांचा आवाज शांत होता. "उडी मारली बाबू. छत्री उघडली." म्हणजे मोजणी वाचली होती. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात ज्यानं त्यांना पाडलं होतं, तो बाज नावाचा इसम वळून परत आला आणि त्यानं छत्रीत लटकलेल्या चाचांवर गोळ्या झाडल्या. वर खुशीत डावीकडं एक गिरकी घेतली. आणि सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर लिहिलं, 'खेड्यातल्यांनी बैलगाडी हाकावी.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही जाते. तसाच रस्ता ओलांडून गेलो, तर चाचा ओल्या फडक्यानं मशीनवरचा आकडा पुसत होते.

"सोडाचं नाही याले, चाचा."

"सोडतो म्हनलं काय मी?" ते म्हणाले. शून्य त्यांनी लिहिलं नाही. जागा कोरीच ठेवली.

डूख धरणं कशाला म्हणतात ते मी पुढच्या आठ महिन्यांत पाहिलं. बाजनं नाव बदललं, टोळी बदलली. आम्ही जुन्या लढायांची रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा पाहिली. माणूस पाडला की डावीकडं गिरकी, ही त्याची खोड नाव बदलून जाणार नव्हती. चाचा डोळे मिटून त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "हा मोटारीले दम खाऊ देत नाही. लालचावून वर नेला, का जयते याची मोटार." तेव्हापासून त्याचं इंजिन जळेपर्यंत मी पुढं राहून माझं विमान वर वर न्यायचं, आणि त्यांनी खाली दबा धरायचा, हा सराव सुरू झाला. मीसुद्धा काही साधुसंत नाही. नवरीचे फेरे जुळवताना मी मनात एकच चित्र बघायचो, तो छत्रीत लटकलाय आणि चाचांचा अंगठा हॉर्नच्या बटणावर आहे.

आणि या सगळ्यात दर दोन मिनिटांनी, "मांगं?" मी पटकन उत्तर दिलं की म्हणायचे, "पाहून सांग, बाबू." मला काटा टोचल्यासारखं व्हायचं.

शेवटी एका रविवारी ती डावी गिरकी दिसली. मी त्याच्या नाकासमोरून वर निघालो, आणि गडी लागला की मागं. वर, आणखी वर. त्याचं इंजिन धूर ओकू लागलं आणि खालून चाचा आले. पाच सेकंदात खेळ खलास. बाजनं उडी मारली, छत्री उघडली.

"मारा चाचा!" मी ओरडलो.

"मांगं?"

मी पाहिलं. नीट पाहिलं. "साफ."

चाचांनी विमान थेट छत्रीवर घातलं आणि एका हातावरून बाजूला काढलं. गोळी नाही. वळून पुन्हा आले. पुन्हा तसंच. बाजनं लिहिलं, 'मार ना.' मग, 'मारत का नाहीस?' मग, 'सॉरी यार, खेळ आहे हा.' चाचा नुसते येत राहिले.

"चाचा, काय करून राह्यले तुमी?"

"घाम फुटू दे त्याले."

सातव्या फेरीला छत्री दिसेनाशी झाली. गडी घाबरून खेळ सोडून पळाला होता, आणि तोही हवेतून. पोस्टमास्तरांनी तार वाचावी तसं जाहीर केलं, "हवेतून पलायन. मृत्यू. मोजणी शून्य." त्याची दोनशेच्या वर उड्डाणं होती.

"म्या नाही मारलं बाप्पा," चाचा म्हणाले. "तो सोताच मेला."

खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी पावशेर जिलबी घेऊन धावत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक कडं खाल्लं, बोटं पुसली.

"त्याचं झालं. आता तुहं."

"माहं काय?"

"त्या दिवशी हळद कोनाची होती?"

हेडफोनमधून त्यांना हळदीचा बँड ऐकू आला होता. बेरिंगचा आवाज ओळखणारा माणूस, त्याला बँड ऐकू येणार नाही? माझं तोंड एवढंसं झालं. कसंबसं विचारलं, "मंग बोलले काहून नाही आठ महिने?"

"बोलूनच राह्यलो ना. दर दोन मिनटाले." मग त्यांनी उजवीकडून, डावीकडून मागं पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. खडू उचलून कोऱ्या जागी एकचा आकडा लिहिला आणि पुढच्या रविवारी मला पुन्हा पाठीमागंच उभं केलं. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या उन्हाळ्यात मोटार बांधता बांधता त्यांचं हृदय बंद पडलं. मशीनवर बावीस लिहिलेलं होतं, अजून आहे.

दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. मी खांदा दिला, दुसऱ्याला जागा दिली, आणि हळूहळू मागं सरकत सगळ्यांच्या शेवटी आलो. कब्रस्तानच्या वळणावर थांबलो. उजवीकडून मान वळवली, मग डावीकडून. रस्ता स्टँडपर्यंत मोकळा होता, ऊन तेवढं होतं.

"मांगं साफ, चाचा," मी म्हणालो. या खेपेला पाहून सांगितलं.